शिवाप्पांच्या ट्रकचा ब्रेक

तुमच्या या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते. खरं सांगायचं तर चहाबरोबर वाचते, आणि निम्म्याहून जास्त अनुभवांवर मनातल्या मनात लाल शाईने काट मारते. मास्तरीण होते ना... सवय जात नाही. पांढऱ्या साडीतली बाई, वडाचं झाड, मागे वळून पाहू नका — हे वाचून भीती वाटायच्या ऐवजी मला हसू येतं. असल्या सदराला मीच एक दिवस लिहायला बसेन असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

आमच्या घरात भूतखेत हा विषयच नव्हता. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. नवस, अंगारा, करणी, अंगात येणं — यातलं काही माझ्यासमोर कुणी काढलं की मी तिथेच त्याची शाळा घ्यायची. माझे यजमान मोटार मेकॅनिक, तेही त्याच मताचे. फक्त ते माझ्यासारखं भांडायचे नाहीत, हसण्यावारी न्यायचे. "मेलेली माणसं परत येत असती तर आमचे उस्ताद आधी आले असते, पाने जागच्या जागी ठेवलेत का ते बघायला," असं म्हणायचे.

तेव्हा आता जे लिहिते आहे ते कुणाला पटवायला नाही. मला स्वतःलाच ते पटलेलं नाही. फक्त घडलं तसं सांगते. सोलापूर, पंच्याहत्तर सालचा उन्हाळा, शुक्रवारची भर दुपार. अंधार नाही, अमावस्या नाही, कुत्रं रडत नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालू होतं आणि त्याच्या घुंगरांचा आवाज येत होता.

ह्यांचं गॅरेज तुळजापूर नाक्याच्या थोडं पुढे होतं. गॅरेज म्हणजे तीन बाजूंना पत्रा, वर पत्रा आणि चौथी बाजू रस्त्याला उघडी. ट्रक मागच्या बाजूने आत घ्यायचा, तरी त्याचं तोंड बाहेर उन्हातच राहायचं. लोक ह्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणत. मी 'हे' म्हणायची आणि इथेही तेच लिहिणार. आमच्या पिढीच्या बाईला नवऱ्याचं नाव कागदावर लिहितानाही हात अडतो, मग ती कितीही पुढारलेली असो. घर आमचं बुधवार पेठेत. घरात तिघंच — हे, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. बार्शीकडच्या खेड्यातून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

ह्यांचं मुख्य काम ब्रेकचं. आणि ब्रेकच्या कामात एक गोष्ट अशी आहे की ती एकट्याने होतच नाही. नळ्या खोलून परत जोडल्या की आत हवा राहते. ती काढली नाही तर पेडल दाबल्यावर पाय भाकरीच्या पिठात रुतल्यासारखा खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकापाशी असलेला बारका स्क्रू सैल करायचा. रबरी नळीतून हवेचे बुडबुडे आणि ऑइल बाटलीत येतं. खालच्याने स्क्रू आवळला की मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत शिरते आणि केलेलं सगळं वाया जातं.

वर बसायचं काम माझं होतं. शाळा सकाळची असायची. सुटली की डबा घेऊन थेट नाक्यावर, आणि हवा काढायची असेल तर पदर खोचून केबिनमध्ये. माझ्या शाळेतल्या बायकांना याची फार मजा वाटायची. "बाई, आज कुठली गाडी चालवली?" असं विचारायच्या. मी म्हणायची, जागची हलवली नाही, पण दाबली भरपूर.

इतर गॅरेजांत खालचा माणूस ओरडतो — मार, मार, धर, सोड! ह्यांना ते आवडायचं नाही. रस्त्यावरची माणसं ऐकणार आणि आपण बायकोला असं हुकूम सोडणार... छे, म्हणायचे. मग त्यांनी पान्याने खालून चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकायला सुरुवात केली. एक ठोका म्हणजे दाबून धर. दोन ठोके म्हणजे आता पाय काढ. बस्, एवढंच. तासभर काम चालायचं आणि आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोलायचो नाही. लग्नानंतर आमचं सगळ्यात जास्त बोलणं असं त्या ठोक्यांतून झालं असेल, असं मला कधी कधी वाटतं.

शिवाप्पा हे अक्कलकोटच्या बाजूचे. स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचे. ट्रक फार जुना, पेट्रोलवरचा, आणि त्याचा ब्रेक सगळा पायाच्या जोरावर. तूर, भुईमूग भरून तुळजापूरच्या घाटातून त्यांची नेहमीची ये-जा. एक दिवस गॅरेजमध्ये येऊन खाटेवर बसले आणि गुडघा चोळत म्हणाले,

"मिस्त्री, गाडीला काय झालं न्हाय. माजा गुडगा गेलाय. घाटात पेडलवर हुबं ऱ्हावं लागतंय बगा. परवा उतरताना पाय थरथराय लागला... घरी कुनाला बोललो न्हाय."

ह्यांनी त्यांना बूस्टर बसवायचं सुचवलं. बूस्टर म्हणजे उपड्या कढईएवढा गोल डबा. पेट्रोलचं इंजिन हवा आत ओढतं, ती ओढ हा डबा वापरतो आणि माणसाने हलका पाय ठेवला तरी ब्रेक जोरात लागतो. नव्या गाड्यांना तो आधीच असायचा, शिवाप्पांच्या ट्रकला नव्हता. ह्यांनी मिलिटरीच्या लिलावातल्या सामानातून एक मिळवला, खोलला, आतलं रबर बदललं. तो धड आहे का हे बघायला त्याची नळी तोंडात धरून हवा ओढायचे आणि नळीच्या तोंडावर जीभ ठेवून बसायचे. जीभ चिकटून राहिली तर डबा चांगला. दोन दिवस त्यांची जीभ काळी होती आणि आत्याबाई त्यांना लहान मुलासारखी तोंड उघडायला लावून बघत होत्या.

शनिवारी संध्याकाळपर्यंत बूस्टर चासीला बसला, नळ्या जोडून झाल्या. जेवताना ते खुशीत होते. "आता फक्त हवा काढायची राहिली. उद्या सुट्टी आहे तुला, सकाळीच जाऊ," म्हणाले.

रविवारी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. टांगा मिळाला, दवाखान्याच्या रस्त्याला लागलो आणि रस्त्यातच ते गेले. माझ्या खांद्यावर डोकं होतं. अजून चाळिशीही गाठली नव्हती.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. शेजारची एक बाई — मनाने चांगली होती — तिने भेटायला येऊन विचारलं, "तुमच्यात कावळ्याला ठेवत नाहीत का हो?" मी तिला फाडकन म्हणाले, आमच्यात माणूस जातो तेव्हा जातो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. ज्यांना कावळ्याची तरी वाट बघता येते, त्यांचं एका परीने बरं असतं. आम्हाला कशाचीच वाट बघायची नव्हती.

असेच एके दिवशी शिवाप्पा दारात आले. बराच वेळ आत येईनात. त्यांच्याबरोबर नाक्यावरचा एक दुसरा मेकॅनिक होता. शिवाप्पांना बोलवेना, म्हणून तोच बोलला — मिस्त्री अर्धं काम टाकून गेले, गाडी उभी आहे, मी तो मिलिटरीचा डबा काढून टाकतो आणि आधीसारखं जोडून देतो. भंगारातला माल आहे, उगाच घाटात कुणाचा जीव जायचा.

'अर्धं काम' हा शब्द मला असा लागला की काय सांगू. माणूस गेला हे मी कसंबसं गिळलं होतं. पण त्यांच्या हातचं शेवटचं काम खोलून, सुटं करून कोपऱ्यात फेकणार... ते मला सहन होईना. मी उठून उभी राहिले.

"शिवाप्पा, मी तुमच्या पाया पडते. ह्यांनी बसवलेलं ते काढू नका. फक्त हवा काढायची राहिली आहे. मी माणूस आणते. मला थोडे दिवस द्या."

"अक्का, असं पाया पडू नगा," शिवाप्पा एकदम मागे सरले. "गाडी ऱ्हाऊ द्या तितंच. मिस्त्रीनं बशिवलं ते मिस्त्रीचंच ऱ्हाईल की. पर अक्का... हवा न्हाई निघाली, ब्रेक न्हाई लागला, तर मग मला काडावं लागंल. माजी बी लेकरं हायत."

त्यांचं काही चुकत नव्हतं. आता सगळं त्यावर होतं. ब्रेक लागला तर ह्यांचं काम ह्यांचं म्हणून रस्त्यावर धावणार, नाहीतर भंगारात जाणार.

इस्माईलभाई ह्यांच्याच उस्तादाकडे शिकलेले. त्यांचं गॅरेज विजापूर रोडला, दुसऱ्या टोकाला. मी निरोप पाठवला तशी ते संध्याकाळी घरी आले, बसले, बराच वेळ रुमालाने डोळे पुसत राहिले. "भाभी, मैं करता. शुक्रवारको आता. तुम दोपारको इस्कूलसे आव, पेडलपर तुमीच बैठो," म्हणाले. बाकी काही बोलणं झालं नाही. ठोक्यांबद्दल तर नाहीच. ती आमच्या दोघांची गोष्ट, ती मी कशाला सांगेन?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी नाक्यावर गेले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच जात होते. गॅरेजच्या पत्र्याला इस्माईलभाईंची सायकल टेकवलेली होती. ट्रकच्या मागच्या चाकाशी पोतं अंथरलं होतं, त्यावर पाने, काचेची बाटली, रबरी नळी मांडून ठेवलेली. म्हणजे ते आधीच खाली शिरले असणार, असं मी धरून चालले. वाकून बघितलं नाही. खरं सांगते — ट्रकखाली झोपलेल्या माणसाचे पाय बघायची माझी हिंमत नव्हती. ते पाय दुसऱ्याचे असणार होते.

"आले हो इस्माईलभाई. बसते वर," असं म्हटलं आणि पदर खोचून केबिनमध्ये चढले. उत्तर आलं नाही, पण खालचा माणूस कामात असला की उत्तर देत नाही, हे मला माहीत होतं. पायाशी पत्र्याखाली ब्रेक ऑइलची छोटी टाकी असते. तिचं झाकण काढून मी कॅनमधलं ऑइल भरलं. तेही माझंच काम असायचं. मग पेडलवर पाय ठेवला.

ठक.

मी दाबलं. पाय सवयीने आपोआपच गेला. नुसतं पीठ... पेडल पार खालपर्यंत. मग दोन ठोके. मी पाय काढला. परत एक.

मनात आलं, अरे, इस्माईलभाईंनाही ठोके माहीत आहेत. दोघं एकाच उस्तादाचे, तिथलीच पद्धत असेल. हे मला म्हणाले होते की ही आपली दोघांची युक्ती... म्हणजे नवरोबांनी उस्तादाची युक्ती स्वतःच्या नावावर खपवली तर! इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. तिथे एकटीच, केबिनमध्ये बसून.

आधी बूस्टरपाशी बराच वेळ गेला. मग ठोके मागे डावीकडे गेले, मग मागे उजवीकडे. लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे यायचं असतं. मधे मधे मी टाकीत ऑइल घालत होते. हळूहळू पेडलमध्ये जीव यायला लागला. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली.

खाली स्क्रू सैल झाला की दाबलेलं पेडल पायाखालून अलगद खाली बसतं. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी स्क्रू एकदम उघडतो, मग पाय धपकन जातो. ह्यांचा हात हळू होता. आधी किंचित उघडायचे, अंदाज घ्यायचे, मग पुरता. त्यामुळे पेडल मधे जरासं थबकायचं आणि मग खाली जायचं. लग्न झाल्यापासून ते थबकणं माझ्या तळपायाच्या ओळखीचं होतं. त्या दुपारी पेडल तसंच जात होतं. दर वेळी.

मला रडू फुटलं. मोठ्याने नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पेडल दाबत होते. मनात म्हणत होते, एका गुरूचे चेले, हातसुद्धा सारखा घडला. इस्माईलभाईंचे उपकार कसे फेडू? मला वाटत होतं, हे काम संपूच नये. असंच खालून कुणीतरी ठोकत राहावं आणि मी वर बसून राहावं.

ठोके पुढच्या डाव्या चाकाशी आले. मग शेवटच्या, म्हणजे माझ्याच पायाखालच्या चाकाशी. तिथे ते इतके जवळून येत होते की केबिनच्या पत्र्यातून पायाला कळत होते. पेडल आता कडक झालं होतं. एक ठोका, दाबलं, थबकलं, गेलं, दोन ठोके. परत एकदा. शेवटच्या वेळी पेडल जराच हललं आणि दगडासारखं घट्ट झालं. दोन ठोके पडले. मी पाय काढला.

मग काही नाही. मी डोळे पुसले, तोंड नीट केलं आणि म्हटलं, "इस्माईलभाई, झालं वाटतं? पाणी आणू का?"

"अरे भाभी! तुम आ गई?" आवाज रस्त्याच्या बाजूने आला.

इस्माईलभाई समोरून चालत येत होते. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा. ऑइलचा एक डाग नाही. शुक्रवारची नमाज पढून नाक्याजवळच्या मशिदीतून येत होते. दिवसांचा हिशोबच सुटला होता माझा. शुक्रवार ठरवूनही शुक्रवारची नमाज माझ्या डोक्यात आली नव्हती.

"माफ करना भाभी, सामान लगाको रख्या और जुम्मेको गया. अब कपडे बदलता, शुरू करते," ते म्हणाले.

मी नुसता खाली हात दाखवला. त्यांना वाटलं मला चक्कर येते आहे. त्यांनी पाणी आणून दिलं आणि वाकून ट्रकखाली बघितलं. खाली कुणी नव्हतं. पोतं मागच्या चाकाशी होतं तिथेच होतं. बाटली मात्र माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ उभी होती, काळपट ऑइलने भरलेली. रबरी नळी गुंडाळून तिच्या गळ्यात अडकवलेली.

त्यांनी कपडे बदलले आणि खाली शिरले. एकेका चाकापाशी जाऊन बघितलं. बराच वेळ ते बाहेर आलेच नाहीत. मग बाहेर येऊन पोत्यावर तसेच बसून राहिले.

"भाभी, काम तो हो गया है. सब टाईट है. टोप्यां भी चढाको है," स्क्रूवरच्या रबरी टोप्यांबद्दल ते म्हणत होते. "कौन किया ये?"

"मला वाटलं तुम्ही..."

"मैं तो नमाजमें था, भाभी."

मी त्यांना ठोक्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उस्तादांकडे असे ठोके कधी नव्हते, म्हणाले. उस्ताद तर शिव्या देऊन काम सांगायचे, सगळी गल्ली ऐकायची. मग त्यांनी ओंजळ धरून काहीतरी पुटपुटलं आणि पाने गोळा करायला लागले. "किसीको बोलना नक्को," एवढंच म्हणाले.

मी बाई विज्ञान शिकवणारी. घरी येऊन एकेक शक्यता काढली आणि खोडली. उन्हाने पत्रा तडतडतो, त्याला मी ठोके समजले असेन. असेल, पण पत्रा माझ्या पायाच्या तालावर तडतडत नाही. ह्यांनीच स्क्रू सैल ठेवले असतील आणि पेडल दाबल्यावर ऑइल आपोआप बाटलीत गेलं असेल. पण मग स्क्रू परत आवळले कुणी? सैल राहिले असते तर पेडल कडक झालंच नसतं. आणि बाटली चालत चालत चारही चाकांना कशी फिरली? नाक्यावरच्याच कुणा मेकॅनिकने गुपचूप केलं असेल, असंही वाटलं. पण ज्याला त्याला विचारून झालं. आणि त्याला ते ठोके कुठून माहीत? दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला, हेही मी मान्य करून बघितलं. पण माझ्या डोक्यातल्या परिणामाने शिवाप्पांच्या ट्रकचा ब्रेक कसा लागेल?

आणि ब्रेक लागला. त्याच संध्याकाळी शिवाप्पांनी नाक्यावर फेरी मारून बघितली. पुढे माल भरून तुळजापूरला गेले, घाट उतरून परत आले आणि थेट आमच्या दारात. यावेळी दाराशी अडखळले नाहीत.

"अक्का, पाय नुसता ठिवला की गाडी हुबी ऱ्हाती. गुडग्याला काय बी न्हाय. मिस्त्रीनं लई झ्याक काम केलंय!"

मी आत गेले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले. ह्यांचं काम टिकलं, ते कुणी काढणार नव्हतं.

आत्याबाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. माझ्याच तोंडून एक दिवस अर्धंमुर्धं निघालं आणि मग त्यांनी बाकीचं काढून घेतलं. प्रतिज्ञा त्यांनीही घेतल्या होत्या, पण माझ्यासारख्या पाठ केल्या नव्हत्या. त्या एकच प्रश्न परत परत विचारायच्या.

"काय बोलला का गं त्यो?"

"नाही आत्याबाई. काहीच नाही."

"माज्यासाठी बी काय न्हाय?"

मग त्यांनी हट्टच धरला — मला त्या गाडीत बसव. मी समजावलं, चिडले, प्रतिज्ञांची आठवणसुद्धा करून दिली. त्या म्हणाल्या, "मी काय देव मागत न्हाय तुला. माजं लेकरू हाय त्ये."

मी शिवाप्पांना सांगितलं, ते लगेच कबूल झाले. रविवारी सकाळी ट्रक गॅरेजमध्ये मागच्या बाजूने आत घेऊन उभा केला आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन बसले. त्याआधी मी आणि त्यांनी मिळून आत्याबाईंना केबिनमध्ये चढवलं होतं. नऊवारी सावरत त्या बसल्या. चप्पल काढून त्यांनी पेडलवर पाय ठेवला. त्यांचा पाय जेमतेम पोचत होता, म्हणून मी पाठीमागे उशी दिली. मग मी खाली उतरून बाजूला उभी राहिले. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

त्यांनी जोर लावून दाबलं. वाट बघितली. परत दाबलं. ऊन पत्र्यावर चढायला लागलं. रस्त्याने बैलगाड्या गेल्या, एक एसटी गेली. आत्याबाई खाली बघत होत्या आणि ओठ हलत होते. मुलाला हाक मारत होत्या, घरातल्या नावाने, जे नाव मीही कधी घेतलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा पार उतरला होता.

"लई घट हाय गं ह्ये. हालतच न्हाय."

मी त्यांना धरून खाली उतरवलं. पेडल घट्ट होतं, कारण काम नीट झालं होतं. आत जराही हवा उरली नव्हती. खालून कुणी काही करावं असं तिथे काही शिल्लकच नव्हतं.

या सगळ्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही आणि आता, म्हातारपणीही मिळालेलं नाही. मी आजही भूत मानत नाही. कुणी अंगारा दिला तर आजही त्याची शाळा घेते. पण त्या रविवारी आत्याबाईंना हाताला धरून घरी आणताना, जिवंतपणी कधी आला नव्हता इतका मला ह्यांचा राग आला. सगळं काम कशाला पुरं केलं? एका चाकात तरी थोडी हवा ठेवायची होती.